भाच्यास दिलेलें पुस्तक

चवदा वर्षांच्या मुलाच्या हातांत, ज्यांत आई मरते असें पुस्तक द्यावें काय? गेल्या वर्षीं माझी धाकटी बहीण कर्करोगानें गेली आणि तिचा मुलगा आमच्या घरीं राहावयास आला, तेव्हां हा प्रश्न उत्पन्न झाला. मातोश्रींचें मत स्पष्ट होतें: "पोराला कांहीं तरी हंसरें वाचायला दे रे." शेजाऱ्यांनीं थोरांचीं चरित्रें आणून दिलीं. तीं मुलानें नीट रचून ठेविलीं. उघडलीं मात्र नाहींत.

मीं त्यास पॅट्रिक नेस यांची 'अ मॉन्स्टर कॉल्स' ही २०११ सालची कादंबरी दिली. मूळ कल्पना शिव्हॉन डाउड या लेखिकेची. ती २००७ सालीं कर्करोगानेंच वारली. कथेंत तेरा वर्षांच्या कॉनरची आई अंथरुणास खिळली आहे. रात्रीं बारा वाजून सात मिनिटांनीं दफनभूमींतला यू वृक्ष राक्षसरूप घेऊन त्याच्या खिडकीशीं येतो, तीन गोष्टी सांगतो, व चौथी कॉनरनें सांगावी असा हट्ट धरतो. राक्षस आईला वांचवीत नाहीं. मुलाकडून खरें तेवढें वदवून घेतो. तें असें कीं, हें सारें एकदांचें संपावें, असें त्याच्या मनांत येऊन गेलेलें असतें.

ई. लॉकहार्ट यांची 'वी वेअर लायर्स' (२०१४) ही रहस्यकथा मात्र मीं कपाटांतच ठेविली. तींत मृत्यु शेवटच्या पानांपर्यंत दडवून ठेविलेला आहे. ज्याच्या घरीं तो नुकताच येऊन गेला, त्यास असा दगा देणें मला रुचेना. दोन वर्षांनीं देईन.

चार दिवसांनीं, दिवे मालवल्यावर, भाचा माझ्या दारांत उभा राहिला. "मामा, शेवटच्या आठवड्यांत मलाही तसेंच वाटलें होतें. मी वाईट आहें का?"

तीस वर्षें वर्गांत बोलत आलेल्या माणसास उत्तर सुचूं नये! अखेर मीं एवढेंच सांगितलें कीं, शेवटच्या रात्रीं इस्पितळाच्या जिन्यावर बसून मींही हेंच मागितलें होतें. हें मी पत्नीजवळही बोललों नव्हतों. तो बराच वेळ पलंगाच्या कडेस बसून राहिला. मग म्हणाला, "आजीला सांगूं नका."

सकाळीं मातोश्रींनीं पुस्तकांतील काळींकुट्ट चित्रें पाहून विचारलें, "भुताखेतांचें आहे का रे?" मीं हो म्हटलें. मुलानें एकवार माझ्याकडे पाहिलें आणि तो पोहे खाऊं लागला.