रोजची भाकर, रोजची गोळी

आमच्या जेवणाच्या टेबलावर मिठाच्या बरणीशेजारी प्लास्टिकची एक लहानशी डबी असते. तिला सात खण असून प्रत्येक खणावर एकेका वाराचे नाव आहे. रविवारी रात्री जपमाळ आटोपली की आमच्या सौभाग्यवती चष्मा लावून ती डबी भरतात. पाहुणे आले की पूर्वी आम्ही ती हळूच वर्तमानपत्राखाली सरकवीत असू. आता सरकवीत नाही. हा बदल कसा घडला, हे सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच. आमच्या चुकीतून एखाद्या कुटुंबाने चार गोष्टी घेतल्या, तर ती चूक अगदीच वाया गेली असे आम्ही म्हणणार नाही.

मधुमेह आमच्या घरी आला तो कोणतीही वर्दी न देता. एका किरकोळ शस्त्रक्रियेपूर्वी रक्त तपासले आणि तो उघडकीस आला. आम्ही अंगाने काटकुळे. लठ्ठ माणसांचा हा आजार आम्हांला कसा, हा आमचा पहिला प्रश्न होता. त्याचे उत्तर आमच्याच शहरात शोधले गेले आहे, हे पुढे कळले. क्वार्टर गेटच्या आपल्या सिटी चर्चपासून फार दूर नसलेल्या रास्ता पेठेतील के. ई. एम. रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील माता व बालके यांचा अभ्यास सुरू केला. त्यांना दिसले की आपल्याकडील नवजात बाळ युरोपातील बाळापेक्षा वजनाने बरेच कमी भरते, परंतु त्याच्या अंगातील चरबी त्या मानाने कमी नसते. वरून सडपातळ आणि आतून मेदाचा साठा, असा हा देह. त्यामुळे काटकुळेपणा हे काही अभयपत्र नव्हे. आमचे आजोबा नगर जिल्ह्यात दिवसभर नांगरामागे चालत. आम्ही पुण्यात स्कूटरवर बसून कचेरीत गेलो आणि तेथेही खुर्चीतच बसलो.

डॉक्टरांनी मेटफॉर्मिनची गोळी दिली. जेवणाबरोबर घ्या, म्हणजे पोट बिघडणार नाही, असे बजावले. सुरुवातीला थोडी मळमळ झाली, ती दोन आठवड्यांत गेली. चार महिन्यांनी तीन महिन्यांच्या सरासरीची तपासणी केली, तर आकडा उत्तम. आम्ही मनाशी म्हटले, रोग गेला. गोळी बंद केली आणि कुणाच्या तरी सांगण्यावरून कारल्याचा रस सुरू केला. वाढलेली साखर दुखत नाही, ठणकत नाही. डोळे, मूत्रपिंड आणि पायांच्या शिरा यांची ती मुकाट्याने नासाडी करीत राहते. सहा महिन्यांनी पुन्हा तपासले तेव्हा आकडा पहिल्याहून वर गेला होता. डॉक्टर रागावले नाहीत. म्हणाले, “काका, छत्री होती म्हणून तुम्ही भिजला नाहीत. पाऊस थांबला असं तुम्हांला कुणी सांगितलं?” त्यांनी मेटफॉर्मिन पुन्हा सुरू केले आणि सकाळच्या न्याहारीबरोबर ग्लिमेपिराइड नावाची दुसरी गोळी जोडून दिली. या दुसऱ्या गोळीने आम्हांला खरा धडा शिकविला.

तो शुभ शुक्रवार होता. लहानपणापासून त्या दिवशी आम्ही कडक उपवास करीत आलो होतो. सकाळी नेहमीच्या सवयीने दोन्ही गोळ्या घेतल्या आणि वर बिनसाखरेचा चहा प्यालो. सौ. म्हणाल्या, “अहो, निदान दोन पोळ्या तरी खा. गोळी घेतली आहे ना?” आम्ही त्यांच्यावरच खेकसलो, “आजचा दिवस तरी देवासाठी राहू दे.” चर्चच्या आवारात क्रूसाची वाट सुरू झाली. ऊन चढत होते. सहाव्या-सातव्या स्थानाच्या सुमारास हात कापू लागले, अंगाला दरदरून घाम सुटला, छातीत धडधड सुरू झाली. पुस्तकातली अक्षरे एकमेकांत मिसळू लागली. नवव्या स्थानापाशी, प्रभू तिसऱ्यांदा पडतो तेथे, आमचेही गुडघे वळले. कुणी म्हणाले, ऊन लागले. कुणाला वाटले, भक्तीने भारावले. परिचारिका असलेल्या एका धर्मभगिनी मात्र गर्दीतून पुढे आल्या आणि त्यांनी एकच प्रश्न विचारला, “सर, शुगरची गोळी घेता का? सकाळी काय खाल्लंत?”

आमच्याने धड उत्तर देववेना. सौभाग्यवतींनी दिले. आम्ही शुद्धीवर आहोत आणि गिळू शकतो, याची सिस्टरांनी आधी खात्री केली. मग तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजली. यंत्राने आकडा दाखविला बावन्न. तो सत्तरच्या खाली गेला की धोका सुरू होतो. पंधरा मिनिटांनी त्यांनी पुन्हा तपासले आणि मग पाव खायला लावला. शुद्ध हरपली असती तर तोंडात काहीही घालता आले नसते, थेट रुग्णालयच गाठावे लागले असते, असे त्या शांतपणे म्हणाल्या. त्यांच्या शांतपणानेच आम्ही अधिक हादरलो.

झाले होते ते असे. मेटफॉर्मिन मुख्यतः यकृतातून रक्तात ओतली जाणारी साखर आवरते. एकटी घेतली तर ती साखर फारशी धोक्याइतकी खाली नेत नाही. ग्लिमेपिराइडचे काम निराळे. ती स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडावयास लावते, मग पोटात अन्न असो वा नसो. गोळी घेऊन जेवण टाळणे म्हणजे भाकरी न थापताच तवा तापवीत ठेवण्यासारखे आहे. आणि उपवास म्हणून गोळ्या आपल्या मनाने बंद ठेवणे हाही उपाय नव्हे. उपवास करावयाचाच असेल, तर कोणती गोळी किती आणि केव्हा, हे डॉक्टरांना आधी विचारले पाहिजे.

दुसऱ्या दिवशी फादरांना भेटून सारी हकीकत सांगितली. त्यांनी वय विचारले. आम्ही म्हणालो, “त्रेसष्ट.” ते म्हणाले, “उपवासाचं बंधन वयाच्या एकोणसाठ वर्षांपर्यंत. आजाऱ्याला तर ते आधीही नव्हतं. मग काल तुम्ही नियम पाळलात तो कुणाचा?” आम्हांला उत्तर सुचले नाही. खरे सांगायचे तर, काटेकोर उपवास करणारा माणूस म्हणून धर्मग्रामात आमची जी ओळख होती, तिचा तो नियम होता. डबी वर्तमानपत्राखाली सरकविणारा हातही तोच.

आपल्या पिढीतील अनेकांच्या मनात औषध आणि ख्रिस्तप्रसाद यांविषयी अजून घोटाळा आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. आमच्या आईवडिलांच्या काळी कम्युनियनपूर्वी मध्यरात्रीपासून पाण्याचा थेंबही चालत नसे. १९५३ साली पोप पायस बारावे यांनी पाण्याने उपवास मोडत नाही असे ठरविले. १९५७ साली त्यांनीच उपवासाचा अवधी तीन तासांवर आणला आणि १९६४ साली पोप पॉल सहावे यांनी तो एका तासावर आणला. आजचा धर्मनियम १९८३ च्या संहितेतील आहे. त्यानुसार पाणी आणि औषध यांनी हा एका तासाचा उपवास मोडत नाही. वृद्ध, आजारी आणि त्यांची शुश्रूषा करणारे यांनी तासाभरात काही खाल्ले असले, तरी त्यांना ख्रिस्तप्रसाद घेता येतो. म्हणजे सकाळच्या मिस्सासाठी न्याहारी आणि गोळी दोन्ही टाळून बसणारे आमचे वृद्ध बांधव चर्चने न मागितलेली गोष्ट देत आहेत.

औषध घेणे म्हणजे श्रद्धा उणी पडणे, असेही काहींना वाटते. जुन्या करारातील सिराखच्या ग्रंथाचा अडतिसावा अध्याय त्यांनी जरूर वाचावा. तेथे प्रार्थनेलाही स्थान आहे आणि वैद्यालाही, आणि औषधे देवानेच मातीतून उपजविली असे म्हटले आहे. आमच्या मेटफॉर्मिनचे मूळही असेच मातीत आहे. युरोपात गॅलेगा नावाची एक रानवनस्पती पूर्वापार औषधी म्हणून वापरली जाई. तिच्यातील द्रव्याच्या अभ्यासातून या औषधाचा वंश निघाला आणि १९५७ साली फ्रान्समधील डॉ. झाँ स्टर्न यांनी त्याचा मधुमेही रुग्णांवरील उपयोग प्रसिद्ध केला. त्या वनस्पतीपासून आमच्या टेबलापर्यंतच्या वाटेत देवाचा हात नाही, असे म्हणवत नाही.

त्या शुक्रवारनंतर आमच्या घरात काही रीती रुळल्या. गोळी आणि ताट यांची जोडी मोडत नाही. एखादी गोळी चुकली, तर पुढच्या वेळी दोन घेत नाही. हळूहळू विरघळणारी गोळी मोठी वाटली तरी मोडत वा कुटत नाही, कारण मग तिचा दिवसभराचा अंश एकदम अंगात उतरतो. उलट्या-जुलाब झाले, किंवा रंगद्रव्य टोचून काढावयाचा स्कॅन ठरला, तर मेटफॉर्मिन काही दिवस थांबवावे लागते का, हे फोन करून विचारतो. वर्षातून एकदा तरी मूत्रपिंडाची तपासणी होते. मेटफॉर्मिन अनेक वर्षे चालू असले की ब-१२ हे जीवनसत्त्व कमी होऊ शकते, म्हणून पायांना मुंग्या येऊ लागताच डॉक्टरांनी तेही तपासून घेतले. नाताळच्या मेजवानीत पेल्याला पेला भिडविण्याचे आम्ही सोडले. अतिमद्यपान आणि ही गोळी यांचे जमत नाही.

आमच्या विभागातील एका मावशींची गोष्ट येथे सांगावीशी वाटते. त्यांच्या पिशवीत निरनिराळ्या नावांची दोन पाकिटे होती, एक घराजवळच्या डॉक्टरांनी लिहून दिलेले आणि दुसरे रुग्णालयातून सुट्टी मिळताना दिलेले. मावशी दोन्ही इमानाने घेत. मोठ्या नावाखालची बारीक अक्षरे त्यांच्या नातीने वाचली, तेव्हा आतील औषध एकच निघाले. तेव्हापासून आम्ही सर्व औषधांची मूळ नावे एका कागदावर लिहून पाकिटात ठेवतो आणि कोणत्याही नव्या डॉक्टरांपुढे प्रथम तो कागद ठेवतो. सप्टेंबरात हरेगावला मतमाऊलीच्या यात्रेस जाताना गोळ्या मोठ्या बॅगेत न टाकता खांद्यावरच्या पिशवीत घेतो. खिशात साखरेची पुडीही असते. बरोबरच्या मंडळींना तिचे कारण सांगून ठेवतो. ते माहीत नसेल, तर ती पुडी खिशात असून नसल्यासारखीच.

मागच्या महिन्यात चर्चमधील एक जुने स्नेही घरी आले. चहा पिता पिता त्यांची नजर डबीवर गेली. आम्ही ती हलविली नाही. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग हलकेच म्हणाले, “आमचीही आहे. कपाटात ठेवतो. कधी कधी विसरतो.” सौभाग्यवती उठल्या आणि सात खणांची दुसरी डबी त्यांनी त्यांच्या हातात दिली. आपली फुटली तर असावी म्हणून त्यांनी ती आणून ठेवली होती.

अरण्यात इस्राएली लोकांना मान्ना मिळे तो त्या त्या दिवसापुरता. उद्यासाठी साठविलेला नासून जाई, अपवाद फक्त शब्बाथचा. प्रभूने शिकविलेल्या प्रार्थनेतही आपण भाकर मागतो ती आजची. कालच्या गोळीवर आजचा दिवस निभत नाही आणि उद्याची आज घेऊन ठेवता येत नाही. म्हणून रात्रीच्या जेवणाला बसताना आम्ही क्रूसाची खूण करतो, ताटाला हात जोडतो, आणि त्या वाराचा खण उघडतो.