गाढीपलीकडचे विचुंबे

स्थानिक इतिहासाच्या प्रकल्पासाठी आमच्या एका विद्यार्थिनीने स्वतःचे गाव निवडले: पनवेलजवळचे विचुंबे. अर्जावर पत्ता मात्र ‘नवीन पनवेल (पूर्व)’. विचारले, तर म्हणाली, “सर, विचुंबे लिहिलं तर कुणाला कळत नाही.” गाढी नदीवरचा पूल ओलांडला की जे गाव लागते, त्याची ही गत!

लेखी पुरावा पाहावा म्हणून आम्ही आधी कुलाबा जिल्ह्याचे १८८३चे गॅझेटियर उघडले. त्यात पनवेल तालुकाच नाही. तो सापडला ठाण्याच्या १८८२च्या खंडात. कुलाबा जिल्हा १८६९ साली स्वतंत्र झाला, तरी पनवेल १८८३ पर्यंत ठाण्याकडेच होते. पुढे १९८१ साली कुलाब्याचे रायगड झाले. म्हणजे एकाच खाचरात भात लावणाऱ्या एकाच घराने शंभर वर्षांत जिल्ह्याची तीन नावे पाहिली. (आम्ही संशोधक मात्र चुकीचा खंड उघडून बसतो.)

हद्दींचा हा खेळ अजून संपलेला नाही. सिडकोचे नवीन पनवेल नदीच्या अलीकडे वसले. २०१३ साली विमानतळाच्या नावाने ‘नैना’ क्षेत्र जाहीर झाले आणि पहिल्या आराखड्याच्या २३ गावांत विचुंबे आले. २०१६ साली पनवेल महानगरपालिका झाली, तेव्हा तिच्या २९ गावांत मात्र ते नव्हते. नियोजन शहराचे, कारभार ग्रामपंचायतीचा! नैनाच्या नगररचना योजनेत मूळ मालकाकडे सुमारे ४० टक्के जमीन उरते, तीही नव्या भूखंड क्रमांकाने. जुन्या बांधाला त्या क्रमांकात जागा नाही.

या मुलीच्या घरची जमीन त्यातच आहे. म्हणून आम्ही तिला सुचवले की, सनावळी आम्ही पाहू. तू आजीला शेतांची नावे विचार. कोणत्या तुकड्याला काय म्हणत, कोणता बांध कुणाचा, गाढीचे पाणी पावसाळ्यात कुठवर चढे, एवढेच. पहिल्या दिवशी आजी म्हणाल्या, “त्याला काय इचारायचा?” मग दीड तास बोलल्या, आगरीत, आणि मध्येच उठून नातीला खिडकीतून एका इमारतीकडे बोट करून दाखवले: तिथे त्यांचे खळे होते.

ध्वनिमुद्रणाचे लेखन आता चालू आहे. काही शब्द आमच्या कोशांत नाहीत. ते कसे लिहायचे, यावर वर्गात रोज वाद होतो आणि दर वेळी आजींना फोन करावा लागतो.