ढवळूला सुई कशाला?

बालमित्रांनो, कुत्र्याला लस टोचतात हे तुम्हाला ठाऊक असेल. पण सशाला? नोकरीनिमित्त आम्ही इंग्लंडमध्ये राहतो. लेकीच्या हट्टापायी आमच्या घरी ससा आला. नाव ठेवलं ढवळू. काही दिवसांनी त्याला लस टोचायला प्राण्यांच्या दवाखान्यात न्यायचं ठरलं, तशी लेक रुसली. म्हणाली, "बाबा, ढवळू तर घराबाहेरही जात नाही. मग त्याला सुई कशाला?"

प्रश्न बिनतोड होता! डॉक्टरीणबाई हसून म्हणाल्या, "तो बाहेर जात नाही, पण रोग आत येतो ना!"

सशांना मिक्सोमॅटोसिस नावाचा रोग होतो. तो डास आणि पिसवा पसरवतात. सशाचे डोळे सुजतात, त्याला दिसेनासं होतं. दुसरा रोग रक्तस्रावाचा. त्याचे विषाणू गवतातून, अगदी आपल्या बुटांच्या तळव्याला चिकटूनही घरात येतात. कधी कधी तर काहीही लक्षण न दिसता ससा दगावतो. त्यातून ससा दुखणं लपवणारा प्राणी! दोन्ही रोगांवर रामबाण औषध नाही. म्हणून दरवर्षी लस.

यातल्या पहिल्या रोगाची गोष्ट मोठी विलक्षण आहे. ऑस्ट्रेलियात १८५९ साली शिकारीसाठी ससे सोडले गेले. ते इतके वाढले, की शेतं आणि कुरणं फस्त होऊ लागली. म्हणून १९५० साली हा रोग तिथे मुद्दाम पसरवला गेला. ससे पटापट मेले. त्याच सुमारास काही माणसांना मेंदूज्वर झाला आणि लोक घाबरले. तेव्हा बर्नेट, फेनर आणि क्लूनीज रॉस या तीन शास्त्रज्ञांनी सशांचा तो विषाणू स्वतःलाच टोचून घेतला! त्यांना काहीही झालं नाही. माणसाला त्याचा धोका नाही, हे सिद्ध झालं. पुढे १९५३ साली हा रोग इंग्लंडातही पोचला.

ऑस्ट्रेलियात पाळीव सशांनाही मिक्सोमॅटोसिसची लस द्यायला परवानगी नाही. लशीतला विषाणू रानसशांमध्ये पसरला, तर तेही रोगाला दाद देणार नाहीत, अशी भीती! तिथे सशाच्या पिंजऱ्याला बारीक जाळी लावून डास अडवावे लागतात. हे ऐकल्यावर लेकीने ढवळूला स्वतःच मांडीवर घट्ट धरलं. सुई टोचून झालीसुद्धा!

तुमच्याकडे ससा आहे? मग आईबाबांबरोबर पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन विचारा, त्याला कुठली लस हवी. तो बिचारा आपणहून सांगायचा नाही. विचारायचं आपणच!