'नाही' म्हणजे हो?

सोमवार ते शुक्रवार हिंजवडीत एक्सेल शीट भरणारी मी वीकेंडला पायथन शिकत होते. करिअर ग्रोथ वगैरे! तिसऱ्याच रविवारी वाटलं, जमतंय की आपल्याला. मग जोशात वारूळवाडीला, घरी, अण्णांसाठी एक छोटा प्रोग्राम करून दिला. टोमॅटो नारायणगावच्या मार्केटला गेला की तारीख, क्रेट आणि व्यापाऱ्याचं नाव टाकायचं. शेवटी प्रश्न : पैसे मिळाले? अण्णा 'हो' किंवा 'नाही' टाइप करणार, खाली उधारी दिसणार. एकदम सिंपल!

पंधरा दिवसांनी फोनवर विचारलं, "उधारी किती राहिली, अण्णा?"

"तुझा कम्प्युटर म्हणतोय, शून्य."

"आणि वहीत?"

"वही बंद केली ना. मी 'नाही' टाकलं होतं खरं, पण म्हटलं, पोरीला जास्त कळतं."

पोटात गोळाच आला.

रात्री कोड उघडला. चूक एका ओळीत होती. मी लिहिलं होतं, 'जर उत्तर, तर पैसे मिळाले.' आता पायथनला मराठी 'नाही' काय कळणार? त्याच्यासाठी ती नुसती अक्षरं. त्याचा नियम असा : शून्य, रिकामा मजकूर, रिकामी यादी, 'नन' हे फॉल्स, बाकी जवळपास सगळं ट्रू. अवतरणचिन्हांत लिहिलेलं 'फॉल्स'सुद्धा ट्रू! मी विचारायला हवं होतं, उत्तर 'हो'च आहे का? त्यासाठी दोन बरोबरची चिन्हं लागतात, बस्स. ज्यांच्या नावावरून या खऱ्या-खोट्याला 'बूलियन' म्हणतात, त्या जॉर्ज बूलनी १८५४ सालच्या पुस्तकात तर्काचं गणित मांडलं, खरं म्हणजे १ आणि खोटं म्हणजे ०. पण प्रश्न नीट विचारायचं काम शेवटी आपलंच!

नशीब, अण्णांची उत्तरं फाइलमध्ये जशीच्या तशी होती. ओळ दुरुस्त केल्यावर सात 'नाही' वर आले. मी नावं वाचली, अण्णांनी वहीत उतरवली आणि सकाळीच मार्केट गाठलं.

तेव्हापासून एक मात्र खटकतं. दर रविवारी मी फोनवर विचारायचे, "सगळं ठीक ना?" अण्णा म्हणायचे, "हं." काहीतरी उत्तर आलं, म्हणजे ट्रू. फोन बंद.

आता विचारते, "गुडघा दुखतोय का? गोळी घेतली का? पैसे आले का?"

परवा बराच वेळ गप्प राहून म्हणाले, "दुखतोय गं. दोन महिने झाले."

वही त्यांनी चालूच ठेवलीये.