बाणगंगेची निसरडी पायरी



गिरगावात फिरायला निघालेली पावले बहुधा चौपाटीकडेच वळतात. एखाद्या सकाळी मात्र खाऱ्या पाण्याकडे पाठ करून गोड्या पाण्याकडे चला. चौपाटीवरून टॅक्सीने वाळकेश्वरला थोड्याच वेळात पोहोचता येते. तेथील गल्लीतून खाली उतरले की दगडी पायऱ्यांनी चहूबाजूंनी वेढलेला बाणगंगा तलाव समोर येतो. शिलाहारांच्या दरबारातील लक्ष्मण प्रभू यांनी तो ११२७ मध्ये बांधला, असे सांगितले जाते. समुद्र हाकेच्या अंतरावर असूनही येथील झरा गोडा आहे.

घरातील ज्येष्ठांना सोबत नेणार असाल, तर उन्हे चढण्यापूर्वी जा. वरच्या कोरड्या पायरीवर बसा. पाण्यालगतच्या पायऱ्यांवर शेवाळ असते आणि या वयात एक पडणे पुष्कळ महागात पडते. म्हणून शेवाळ दिसले की, ‘काहीतरी औषध टाकून हे एकदाचे मारून टाकावे,’ असा विचार मनात येणे स्वाभाविक आहे. आज त्या विचाराविषयीच आपल्याशी बोलायचे आहे.

आपल्याला जी निसरड वाटते, ती पाण्यातील लहान जिवांची चूल आहे. गोगलगाई दगडावरचे शेवाळ खरवडून खातात. डोळ्यांना जेमतेम दिसणारे पाणपिसू पाण्यात तरंगणारे सूक्ष्म शेवाळ गाळून खातात. पाणवनस्पतींच्या देठांना बिलगून चतुरांची पिल्ले वाढतात आणि ती डासांच्या अळ्या फस्त करतात. तणनाशक या साखळीच्या पहिल्याच कडीवर घाव घालते. अ‍ॅट्राझीनसारखी द्रव्ये वनस्पतींची सूर्यप्रकाशावर अन्न तयार करण्याची क्रिया रोखतात. गोगलगाय विषाने मेली नाही, तरी उपाशी राहते. चतुराच्या पिल्लाचा आसरा जातो. ग्लायफोसेट वनस्पतींमधील ज्या क्रियेवर घाव घालते, ती प्राण्यांच्या शरीरात नसते. तरीही ते पानावर नीट पसरावे म्हणून त्यात मिसळलेली काही द्रव्ये बेडकांच्या पिल्लांना आणि जलचरांना घातक ठरतात.

याहून मोठा धोका पुढे असतो. एकदम मेलेल्या वनस्पती पाण्यातच कुजतात आणि कुजताना पाण्यातील प्राणवायू संपवतात. प्राणवायू संपला की काय होते, हे बाणगंगेने दाखवून दिले आहे. पितृपक्षात पाण्यात सोडलेले पिंड आणि निर्माल्य कुजल्यानंतर येथे मासे मेल्याच्या बातम्या आपण वाचल्या असतील. तेथे कारण तणनाशक नव्हते. पण कुजण्याचा परिणाम दोन्हीकडे सारखाच.

या शहराने आपले गोडे पाणी एकदा गमावले आहे. गोवालिया टँक, सी. पी. टँक, धोबी तलाव या नावांत तळी उरली, जमिनीवर नाहीत. १९११ मध्ये डॉ. बेंटली यांनी मुंबईतील हिवतापाच्या कारणांचा अहवाल दिला. डासांचे घर ठरलेल्या अनेक विहिरी पुढे झाकल्या किंवा बुजवल्या गेल्या. तेव्हाची भीती खरी होती. पण जे पाणी आज उघडे आणि जिवंत आहे, त्यातील डासांचे शत्रू आपणच मारावेत, हे शहाणपण नव्हे.

लालबाग-परळच्या चाळींतील अनेक घरांची मुळे कोकणात आहेत. गणपतीला गावी गेल्यावर आपल्याही ध्यानात आले असेल, की पूर्वी कोयत्याने साफ होणारे बांध आणि परसू आता तणनाशक फवारून साफ केले जातात. तरणे हात मुंबईला, घरी दोन म्हातारी माणसे. तेव्हा हा मार्ग का पत्करला जातो, हे समजते. परंतु पावसाची पहिली जोराची सर ते द्रव्य वहाळाकडे आणि विहिरीकडे घेऊन जाते. ज्या पाण्यात लहानपणी आपण खेकडे धरले, त्याच पाण्याकडे.

म्हणून काही गोष्टी घरात ठरवून ठेवा. विहीर, तळे, वहाळ यांच्या काठी तणनाशक फवारू नका. पायऱ्यांवरचे शेवाळ ताठ ब्रशने घासून काढा, उपटलेले तण पाण्यात न टाकता बाहेर कुजवा. ग्लायफोसेटचा वापर केंद्र सरकारने २०२२ मध्ये कीडनियंत्रण व्यावसायिकांपुरताच मर्यादित केला आहे. घरच्या माणसाने पंप पाठीवर घेऊ नये. कोणतेही तणनाशक शीतपेयाच्या बाटलीत कधीही भरून ठेवू नका. नजर मंदावलेल्या माणसाचा एक घोट पुरेसा असतो आणि पॅराक्वाटवर तर खात्रीचा उतारा नाही. कोणी चुकून प्यायलेच, तर उलटी करवत बसू नका. मूळ बाटली आणि तिच्यावरील माहितीपत्रक सोबत घेऊन तत्काळ मोठे रुग्णालय गाठा. अंगावर सांडले, तर कपडे उतरवून साबणाने व भरपूर पाण्याने धुवा.

आता पुन्हा त्या वरच्या पायरीवर या. नातवंडे सोबत असतील, तर त्यांना पाण्यावर फिरणारा चतुर दाखवा आणि तो डासांवर कसा जगतो ते सांगा. खालची हिरवी पायरी लांबूनच दाखवा. तिच्यावर पाय ठेवायचा नाही आणि तिच्यावर विषही ओतायचे नाही, हे दोन्ही त्यांना एकाच वेळी शिकवता येईल.