शेजारची किल्ली

दिवेलागणीची वेळ होती. दवाखान्यात सात-आठ रुग्ण बसले होते आणि फोन वाजला. पलीकडचा आवाज परिचित होता. पण त्यातला नेहमीचा शांतपणा हरपला होता. "डॉक्टर, काकूंच्या पदरानं पेट घेतला होता. विझवलाय. आता काय करू?"

फोन करणाऱ्या बाई म्हणजे काकूंच्या समोरच्या फ्लॅटमधील निवृत्त शिक्षिका. काकू गेली वीस वर्षे माझ्या रुग्ण. वय ७८, यजमानांच्या निधनानंतर एकट्याच राहतात, मुलगा बंगळुरूला. "भाजलेल्या हातावर नळाचं साधं पाणी सोडा, वीस मिनिटं सोडत राहा. चेहऱ्यावर ओलं स्वच्छ फडकं धरा. बर्फ, टूथपेस्ट, हळद, तूप काहीही लावू नका. सूज चढायच्या आत बांगड्या-पाटल्या काढून घ्या. बाकीचं अंग पांघरुणानं उबदार ठेवा. मी निघालो," एवढे सांगून मी स्कूटर काढली. ती इमारत दवाखान्यापासून पाच मिनिटांवर आहे. त्या पाच मिनिटांत एकच विचार मला छळत होता: त्या घरात ऑक्सिजन नेऊन ठेवणाऱ्यांत मीही होतो.

काकूंनी आयुष्यात कधी विडी-सिगारेटला स्पर्श केला नाही. मात्र लग्नानंतरची पंचवीस वर्षे त्यांनी खेड्यातील कोंदट स्वयंपाकघरात, चुलीपुढे काढली. लाकूडफाटा आणि शेणी यांचा धूर वर्षानुवर्षे छातीत गेला, तर सिगारेट न ओढताही श्वासनलिका कायमच्या अरुंद होतात. या विकाराला आपण सीओपीडी म्हणतो. काकूंच्या रक्तातील ऑक्सिजन उतरू लागला, तेव्हा छातीविकारतज्ज्ञांनी घरी कॉन्सन्ट्रेटर लावण्याचा सल्ला दिला. यंत्र आले त्या दिवशी मी स्वतः हजर होतो. मिनिटाला किती लिटर, दिवसातून किमान पंधरा तास, गाळणी कधी धुवायची, वीज गेल्यास काय करायचे, हे सारे ठळक अक्षरांत लिहून मी तो कागद भिंतीला चिकटवला होता. देवघर कुठे आहे, हे मात्र मी विचारले नाही.

ऑक्सिजन स्वतः जळत नाही. तो जळणाऱ्या वस्तूला बळ देतो. आपल्या भोवतालच्या हवेत त्याचे प्रमाण सुमारे २१ टक्के असते. नाकातील नळीतून बाहेर सांडणारा ऑक्सिजन केसांत, साडीच्या घड्यांत, पांघरुणात साठून राहतो, आणि मग एरवी विझून गेली असती अशी ठिणगीही भडका उडवते. काकूंच्या यंत्राची नळी लांब होती. त्या संध्याकाळी नळी नाकात तशीच ठेवून त्या समईची वात सारण्यासाठी वाकल्या. साठ वर्षे रोज केलेली कृती. ज्योत नळीच्या टोकाशी आली आणि क्षणात चेहऱ्यापाशी लखकन जाळ झाला.

पुढचे मला नंतर कळले. किंकाळी ऐकताच शिक्षिकाबाईंनी खुंटीवरची किल्ली घेतली आणि दार उघडले. ही किल्ली त्यांच्याकडे सुरक्षेसाठी ठेवलेली नव्हती. पहाटे दुधाची पिशवी आत नेऊन ठेवायची, एवढ्याच कामासाठी काकूंनी ती दिली होती. बाईंनी दिवाणावरची सुती गोधडी काकूंभोवती घट्ट गुंडाळली आणि त्यांना जमिनीवर आडवे केले. तळमजल्यावर वीज मंडळातून निवृत्त झालेले एक वायरमन राहतात. जळक्या प्लास्टिकचा वास येताच त्यांनी जिन्याखालच्या मीटरपेटीतील त्या घराचा मेन स्विच पाडला. ऑक्सिजनचा विचार त्यांच्या मनातही नव्हता. ती नोकरीतली सवय होती. पण त्या सवयीमुळे यंत्र थांबले आणि जळणाऱ्या नळीला होणारा पुरवठा तुटला.

मी पोहोचलो तेव्हा काकू मोरीत पाटावर बसल्या होत्या आणि त्यांच्या उजव्या हातावर पाण्याची धार चालू होती. ओठ व नाकपुड्या भाजल्या होत्या. जखम पाहणाऱ्याला फार मोठी वाटली नसती. परंतु नाकातील केस करपले होते आणि आवाज घोगरा झाला होता. चेहरा भाजलेल्या व्यक्तीचा आवाज बदलला, तर श्वासमार्गाला आतून सूज येत असल्याची शंका घ्यावी लागते आणि एक मिनिटही न दवडता रुग्णालय गाठावे लागते. आम्ही ते गाठले. अकरा दिवसांनी काकू घरी परतल्या. उजव्या हाताची दोन बोटे अजून पूर्ण वळत नाहीत.

'आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी' ही म्हण आपण थट्टेने वापरतो. त्या संध्याकाळनंतर ती मला थट्टेची वाटत नाही. आग लागताच १०१ किंवा ११२ या क्रमांकावर फोन करायचाच. बंब आपल्या परीने धावत येतोच. परंतु आमच्या गल्लीत दोन्ही बाजूंना वाहने उभी असतात आणि घरातली आग वाट पाहत नाही. पहिली काही मिनिटे ज्याच्या हातात असतात तो माणूस भिंतीपलीकडे राहत असतो. त्याला आपल्या घरात शिरता येते का, हा प्रश्न आपण त्याला आणि स्वतःला कधी विचारत नाही.

काकू घरी आल्यावर एका रविवारी त्या इमारतीतील नऊ बिऱ्हाडे जिन्यात जमली. मलाही बोलावणे होते. तेथे सर्वांत अवघड प्रश्न काकूंनीच उपस्थित केला. त्या म्हणाल्या, "रात्री झालं असतं तर? रात्री मी आतून वरची कडी घालते." सगळे गप्प झाले. किल्ली असूनही दार उघडले नसते. चोराच्या भीतीने आपण कड्या, अडसर, सेफ्टी डोअर, खिडक्यांना पक्के गज अशी तटबंदी उभारतो, आणि आगीच्या वेळी तीच तटबंदी आपल्याला कोंडते. अखेर ठरले की एकट्या राहणाऱ्यांनी रात्री केवळ बाहेरून किल्लीने उघडणारे लॅच लावायचे, वरची कडी नाही. गॅलरीच्या गजांचा एक भाग बिजागरीवर उघडणारा करायचा आणि त्याची किल्ली तेथेच, हाताला लागेल अशी टांगायची.

रात्रीविषयी डॉक्टर म्हणून मी काही सांगितले, ते येथेही सांगतो. वयानुसार गंधाची जाण मंदावते, आणि गाढ झोपेतला माणूस धुराच्या वासाने जागा होईलच, असा भरवसा तरुणांच्या बाबतीतही धरता येत नाही. त्यात श्रवणयंत्र उशाशी काढून ठेवलेले असते, झोपेची गोळी घेतलेली असते. धुरातील कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. तो जागे करत नाही, गुंगी आणतो. म्हणून छताला बॅटरीवर चालणारा धूरसूचक बसवावा. तो काकूंना ऐकू आला नाही, तरी शेजाऱ्यांना ऐकू येईल. खोलीत धूर भरलाच, तर जमिनीलगत हवा त्यातल्या त्यात श्वास घेण्याजोगी असते. रांगत बाहेर पडावे. लिफ्ट टाळावी. जिना मोकळा असावा. चपलांची कपाटे, जुन्या गाद्या, सायकली यांना तेथे जागा नाही.

स्वयंपाकघराबाबतही थोडे सांगायला हवे. कढईतल्या तेलाने पेट घेतला, तर पाणी ओतू नये. गॅस बंद करून वर झाकण सरकवावे. गॅसचा वास आला, तर दिव्याचे बटण चालूही करू नये आणि बंदही करू नये. रेग्युलेटर बंद करून दारे-खिडक्या उघडाव्यात, बाहेर पडावे आणि बाहेरूनच १९०६ क्रमांकावर कळवावे. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, जमिनीलगत साचतो. उभ्याने वास आला नाही म्हणजे गळती नाही, असे समजू नये. आणि ज्यांच्या घरी ऑक्सिजन आहे त्यांनी दिवा, उदबत्ती, शेगडी, विडी-सिगारेट यांपासून किमान दहा फूट दूर राहावे, वापरात नसताना यंत्र बंद ठेवावे, नाकाला पेट्रोलियम जेली लावू नये.

काकूंच्या मुलाने दुसऱ्याच आठवड्यात घरात कॅमेरा बसवला. त्याच्या काळजीला मी नावे ठेवणार नाही. परंतु बंगळुरूहून दिसलेल्या जाळावर गोधडी टाकता येत नाही. मी त्याला म्हटले, कॅमेऱ्याबरोबर समोरच्या बाईंचा आणि खालच्या वायरमनचा नंबरही फोनमध्ये साठवून ठेव.

शेजाऱ्याला किल्ली देणे अनेक ज्येष्ठांना जड जाते, हे मी जाणतो. आयुष्यभर ज्यांनी कोणापुढे हात पसरला नाही त्यांना तो परावलंबीपणा वाटतो. काकूंनाही दुधाच्या निमित्तावाचून ती देववली नसती. आपणही एखादे निमित्त शोधावे: तुळशीला पाणी, मांजराला दूध, वर्तमानपत्र. निमित्त कोणतेही चालेल. किल्ली मात्र शेजारी असावी. आणि शेजाऱ्याला एवढे ठाऊक असावे, की आपण कोणत्या खोलीत झोपतो, ऐकू किती येते, ऑक्सिजन आहे का आणि मेन स्विच कुठे आहे.

घरी ऑक्सिजन लावणाऱ्या प्रत्येक रुग्णाच्या कागदावर आता मी औषधांखाली दोन प्रश्न लिहितो. देवाचा दिवा कुठे लावता? किल्ली कोणाकडे आहे?

काकूंनी विजेची समई नाकारली. "तिची वात सारावी लागत नाही, मग त्यात माझं काय?" असे त्या म्हणाल्या. यंत्र आता आतल्या खोलीत असते. तिन्हीसांजेला समोरच्या बाई किल्लीने दार उघडून येतात, बाहेरच्या खोलीत देवापुढे समई लावतात, वात सारतात. काकू आतल्या खोलीच्या उंबऱ्याशी उभ्या राहून हात जोडतात. दोन बोटे पूर्ण जुळत नाहीत. मग बाई थोडा वेळ बसतात, गप्पा होतात, आणि जाताना समई शांत करून त्या पुन्हा दार लावून घेतात.