खुराडे कोंबड्यांचे, जीव दोघांचा



आमच्या बोरी अरबकडे कापसाचा पैसा वर्षातून एकदा येतो आणि बहुधा देण्याघेण्यातच जातो. अंड्यांचा पैसा मात्र घरच्या बाईच्या हातात राहतो. तेल-मीठ, पोरांच्या वह्या त्यावर निघतात. म्हणून खुराडे लहान असले तरी त्याला क्षुल्लक समजू नका.

पावसाळ्यात खुराड्यात पिसवा झाल्या, की पुष्कळांचा हात कपाशीच्या औषधाकडे जातो. पंपात थोडे उरलेले असतेच. मारले की काम झाले! यासारखा वाईट उपाय नाही. आपण औषध म्हणतो ते विष आहे, हे यवतमाळ जिल्ह्याला तरी कोणी सांगायला नको. 2017 च्या पावसाळ्यात फवारताना विषबाधा होऊन जिल्ह्यातले वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडोंना दवाखान्यात न्यावे लागले. ते तर उघड्या रानात. खुराडे म्हणजे बंद पेटी. त्यात डोके घालून फवारणाऱ्याच्या नाकातोंडात किती जात असेल, तुम्हीच पाहा.

कोंबडी तर खालचा कण न् कण टिपते. तिच्या पोटातून विष अंड्यात उतरते आणि अंडे आपल्याच पोराच्या ताटात येते. त्याच 2017 साली नेदरलँड्स व बेल्जियममध्ये कोंबड्यांच्या शेडमध्ये किड्यांसाठी फिप्रोनिल वापरल्याचे उघडकीस आले आणि लाखो अंडी बाजारातून परत घ्यावी लागली. हेच फिप्रोनिल आपल्याकडे पिकावर फवारायला मिळते.

मग पिसवांचे करायचे काय? उन्हाच्या दिवशी खुराडे रिकामे करा, लाकडाच्या सांध्यांत उकळते पाणी ओता, फटी बुजवा आणि आतून चुना मारा. (चुना विझवताना पोरांना जवळ येऊ देऊ नका, डोळे जातात.) पुरते वाळल्यावरच कोंबड्या आत घ्या. अंगणात एका घमेल्यात चुलीची राख आणि कोरडी माती ठेवा. कोंबडी तिच्यात लोळून आपले अंग आपणच साफ करते. एवढ्याने भागले नाही तर पशुवैद्यकीय दवाखान्यातून कोंबड्यांसाठीचेच औषध आणा आणि किती दिवस अंडी खायची नाहीत, तेही विचारून घ्या.

दुसरी गोष्ट हाताची. अंधारात खुराड्यात हात घालून अंडी चाचपणे आजपासून बंद करा. साप अंड्यासाठी येतो, पिलासाठी येतो आणि सगळ्यात जास्त उंदरासाठी येतो. उंदीर येतो सांडलेल्या दाण्यासाठी. तेव्हा सांजेला दाणे झाडून घ्यावेत. खुराडे जमिनीपासून दोन हात उंच असावे आणि त्याच्याखाली पऱ्हाटीचा ढीग कधीच नसावा. जाळी अर्ध्या इंचाची लावा. कोंबड्यांच्या नावाने मिळणाऱ्या मोठ्या भोकांच्या जाळीतून साप सहज जातो. बॅटरी लावून पाहावे, मगच हात घालावा. एवढे करून साप चावलाच तर मांत्रिकाकडे वेळ न घालवता थेट सरकारी दवाखाना गाठावा.

झाडताना आधी पाणी शिंपडा, नाकाला फडके बांधा, मग साबणाने हात धुवा. खाटेखाली किंवा चुलीच्या भिंतीला लागून खुराडे नको.

आणखी एक सवय जायला हवी. कोंबड्या पटापट मरू लागल्या की उरलेल्या "मरायच्या आधी" कापून खायच्या! देशातला पहिला बर्ड फ्लू फेब्रुवारी 2006 मध्ये आपल्याच राज्यात, नवापूरला सापडला. डिसेंबर 2024 मध्ये नागपूरच्या गोरेवाड्यात तीन वाघ आणि एक बिबट्या याच रोगाने मेले. वाघाला सोडले नाही, तो माणसाला कसा सोडेल? अशा वेळी मेलेली कोंबडी उघड्या हाताने उचलू नका, नाल्यात फेकू नका. आधी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.

मरतूक बहुतेकदा मानमोडीचीही असते, पण नुसत्या डोळ्यांनी ते ओळखता येत नाही. मानमोडीवर लस आहे. पहिल्या आठवड्यात लासोटाचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकात, पुढे आठव्या आठवड्याच्या सुमारास दुसरी लस. अडचण एवढीच, की लहान बाटलीसुद्धा शंभर पिलांची येते आणि आपल्या घरची पिले दहा-पंधरा. चार-सहा घरांनी मिळून आणावी, बर्फात ठेवावी आणि कालवल्यावर दोन तासांत संपवावी.